मागून डावं, पुढून उजवं

"पहिली ओळ मातीची, तिला अंधार पुरे गं,
दुसरी ओळ गवताची, दोन काजवे पेर गं,
तिसरी ओळ खुरांची, तिथे ठिणगी उडू दे गं..."

फळ्यांच्या मागून बाबांचा आवाज यायचा. माणूस दिसायचा नाही. समोर भोकं पाडलेली लाकडी फळी, भोकाभोकात पिवळा बल्ब, आणि त्यापलीकडे कुठेतरी तारांच्या गुंत्यात मांडी घालून गाणारे बाबा. चाल जात्यावरची. खानदेशातून इंदूरला आलेल्या त्यांच्या आईकडून ती त्यांच्या गळ्यात उतरलेली. मिलच्या रीलिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायका जाता-येता त्यांना चिडवत, "शंकरराव, दळण झालं का?"

"पायलीभर राहिलंय, या हात लावायला!" बाबा आतूनच ओरडायचे.

एकेका ओळीला एक कडवं, आणि कडव्याच्या ठेक्यावर ड्रमवर तांब्याची पट्टी ठोकायची. ड्रम म्हणजे माणसाच्या मांडीएवढा जाड लाकडी रूळ. मोटर सुरू झाली की तो सावकाश फिरे. पट्टी जिथे तारेला टेके तिथला बल्ब लागे, सुटली की विझे. एवढीच काय ती विद्या. एवढ्यावर बाबा हरण पळवायचे.

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलांच्या झांक्या निघतात. ट्रॉलीवर उभे केलेले दिव्यांचे देखावे, पुढे आखाड्यांची पोरं लाठ्या फिरवत, मागे जनरेटरचा धूर, आणि दुतर्फा माणसं. सांवेरकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून लोक यायचे, बायका चादरी अंथरून दुपारपासून जागा धरायच्या. आमच्या जानकी मिलचा बाकीचा देखावा दरवर्षी बदले, मधलं सोन्याचं हरण मात्र तेच. ते उडी मारायला लागलं की लहान मुलं बापाच्या खांद्यावर उभी राहायची.

मिलच्या वायरमन लोकांचा एक नेम होता. मागे बसणारा माणूस झांकी रस्त्याला लागेपर्यंत पुढे येऊन चित्र बघत नसे. बघितलं तर चित्राला दृष्ट लागते म्हणायचे. मग चित्र नीट लागलंय हे त्याला कळायचं कसं? त्यासाठी पुढे एक माणूस उभा करत. त्याला 'डोळा' म्हणत. डोळ्याने बघायचं आणि सांगायचं, कुठला बल्ब आळशी आहे, कुठला विझायला विसरतोय. बाबांचा डोळा म्हणजे आई. ती रीलिंगमध्येच होती, पाळी सुटली की पदर खोचून फळीसमोर येऊन उभी राहायची.

आणि झांकीचं डावं-उजवं मिलमध्ये मागून धरत, बसणाऱ्याच्या हाताने. बघणाऱ्याचं उजवं ते आमचं डावं. हे खूळ घरातही शिरलं होतं. आमच्याकडे कपाटाचं उजवं दार म्हणजे कपाटाच्या उजव्या हाताचं. पाहुण्यांना साखर कधी सापडली नाही. आत्या म्हणायची, "या घरात चोर आला तरी रिकाम्या हाताने जाईल."

मी सहावीत होते तेव्हा मिल बंद पडली. एका दिवसात नाही पडली. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं गेलं, मग भोंगा. भोंगा थांबल्यावर आमच्या नंदानगरच्या ओळीतली म्हातारी माणसं बरेच दिवस चुकीच्या वेळी चहा मागायची. पेपरात नव्या धोरणाचे मथळे होते, बाजार खुला झाला म्हणत होते, पानवाल्याकडे परदेशी नावांची चॉकलेटं लटकायला लागली होती. आणि आमच्या गेटाला कुलूप, कुलपावर लाखेची मोहोर. कोणी ऑटो चालवायला घेतली, कोणी पोह्याची गाडी लावली. श्रीराममामाने, आईच्या धाकट्या भावाने, निरोप आणला. पिथमपुरात गाड्यांचा नवा कारखाना निघालाय, वायरमन हवेत, ओळख आहे, लगेच चला.

"चतुर्दशी होऊ द्या," बाबा म्हणाले.

"मिल बंद आहे, दाजी. झांकी कसली काढताय?"

"म्हणूनच काढायची. झांकी निघाली म्हणजे मिल जिती आहे. शहराने बघितलं की सरकारलाही बघावं लागेल."

मामा आईकडे बघायला लागला. आईने पिठाचा डबा उचलला, आतून खरवडल्याचा आवाज आला, आणि तिने तो पुन्हा जागेवर ठेवला.

मिलमध्ये शिरायची सोय नव्हती म्हणून झांकी एका लाकडाच्या वखारीत बांधली. जुनी माणसं पांगलेली. सुतार बाहेरचे होते, त्यांना मिलची रीत ठाऊक नव्हती. हरणाच्या दोन फळ्या होत्या, एकीवर पुढचं अंग, एकीवर मागचं. बाबांनी त्यांवर कोळशाने लिहिलं होतं, 'डावी', 'उजवी'. उजेड अडवायला पोती टांगून भर दुपारी चाचणी केली. मी वखारीच्या दाराशी भेळ खात बसले होते, मला पोत्यांपलीकडचं दिसत नव्हतं. आवाज तेवढे ऐकू येत होते. ड्रमची घरघर, बाबांचं गाणं, मग गाणं थांबलं.

"यमुने, हरण कसं?"

ड्रमची घरघर दोन फेरे तशीच चालली. मग आईचा आवाज, "बरोबर आहे."

बाबांनी झांकीची पाठ फळ्या ठोकून बंद केली.

रस्त्यावर काय झालं ते अर्ध्या इंदूरला ठाऊक आहे. हरणाचं मागचं अंग पुढे होतं आणि तोंड मागे. शेपूट आधी उडी मारायची, मग बरंच मागून शिंगं यायची. पहिल्याच चौकात कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, हिरन रिवर्स में जा रिया है!" मग ते पुढे पुढे पसरत गेलं. "मिल भी रिवर्स में, हिरन भी रिवर्स में!" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोलीस हसत होते, आमच्याच मिलची माणसं हसत होती. बाबा आत बसले होते. एवढं हसू आणि एवढ्या टाळ्या कशाच्या हे त्यांना समजेना. शेवटी पंढरीनाथकाकांनी, म्हणजे त्यांच्या खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, फटीला तोंड लावून सांगितलं. मिरवणुकीत थांबता येत नाही, मागची झांकी चढून येते. बाबांनी हरणाचा खटका पाडला. उरलेला सगळा रस्ता जानकी मिलची झांकी लखलखत गेली आणि तिच्या मधोमध एक काळं भोक होतं.

त्यानंतर बाबा पिथमपूरला गेले. मामा म्हणाला होता तशी वायरमनची जागा तयार होती. त्यांनी गेटवरच्या रखवालदाराची मागितली. "माझं डावं-उजवं गेलं," एवढंच म्हणाले. घरातला फ्यूज उडाला तर शेजारच्या पोराला बोलवायचे आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहायचे. दिवाळीला आमच्या दारात पणत्याच असत, माळ नाही. गाणं तर त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलंच नाही. कापसाच्या धुळीने छाती आधीच पोखरलेली होती. मी कॉलेजात असताना एका थंडीत ते खोकता खोकता गेले. मयतीला आलेला एक माणूस फाटकाशी दुसऱ्याला हळूच सांगत होता, "वो ही, रिवर्स हिरन वाले."

मी दिव्यांच्याच धंद्यात पडले, यात आश्चर्य ते काय. तुकोगंजात एका इव्हेंट कंपनीत लाइट ऑपरेटर. मॉलची उद्घाटनं, लग्नांचे संगीत सोहळे. एका मॉलचं उद्घाटन तर जुन्या मिलच्या जागेवर होतं. निळा उजेड टाकताना पायाखाली काय होतं ते मला माहीत होतं, पण बोलायचं कोणाशी?

आई भंवरकुआंच्या क्लासवाल्या मुलांचे डबे करायची. मला हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं होतं. आई रोज पोळ्या लाटता लाटता विचारायची, "कळवलंस का त्यांना?"

"चतुर्दशी होऊ दे," मी म्हणायचे.

असं म्हटलं की तिचं लाटणं क्षणभर थांबायचं.

मी चतुर्दशीसाठी थांबले होते, कारण त्या वर्षी जानकी मिलच्या कमिटीने झांकी आमच्या कंपनीला दिली होती. मिल केव्हाच मेलेली, कमिटीतली माणसं वर्षाला एक-दोन कमी होणारी, पण वर्गणी गोळा करून ती झांकी काढत होती. या वेळी बल्बच्या जागी एलईडीचा पडदा होता. बारीक दिव्यांच्या ओळीच ओळी, प्रत्येक दिव्याला आपला पत्ता. चित्र त्या पत्त्यांवर वाटून द्यायचं, त्याला आम्ही पिक्सेल मॅपिंग म्हणतो. हे दोन तऱ्हांनी करता येतं. एक म्हणजे लाइटच्या कन्सोलवरून, फेडरच्या सरकत्या पट्ट्यांवर आणि बटणांवर बोटं ठेवून, दिव्यांच्या गटागटाला हाताने चालवत. दुसरं म्हणजे मीडिया सर्व्हर. तो खास संगणक असतो, त्यात तयार व्हिडिओ घातला की तो आपला आपण पडद्यावर पसरतो.

मला बाबांचं हरण काढायचं होतं, कन्सोलवरून. ओळीला ओळ, कडव्याला कडवं. ते एकदा या रस्त्यावरून तोंड पुढे करून जायला हवं होतं. बाकी मला काही नको होतं.

सर्व्हर आमच्या जयेशकडे. माझ्याहून लहान, हुशार, घरात मराठी, बाहेर निखळ इंदुरी.

"मंजिरीताई, कन्सोलवरून मॅपिंग म्हणजे चमच्याने तळं भरणं," तो म्हणाला. "कायको एवढी माथापच्ची? हे बघा माझं हरण." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरंच देखणं होतं. अंगावरचे केससुद्धा हलत होते. "व्हिडिओ टाका, खींचो, बसवा, हो गया. काही उलटंसुलटं झालं तर एका क्लिकमध्ये सरळ."

"ते ठरलेलं पळतं रे."

"मग? बिनठरलेलं पळायला जंगल आहे का हे?"

"आखाडा थांबला, ढोल थांबला, ट्रॉली थांबली, तरी तुझं हरण पळतच राहणार. माझं बोटाखाली असेल. ढोल थांबला की मी त्याला थांबवीन, कान टवकारायला लावीन."

"ठिपक्यांचे कान! लांबून लोक म्हणतील, कमिटीने बकरी आणली." तो हसला. मग चाचरत म्हणाला, "ताई, आमचे पप्पा सांगतात ते... रिवर्सवालं... ते तुमच्या बाबांचं?"

"हो."

"सॉरी."

"पप्पा हसले होते का?"

"सगळेच हसले म्हणतात," तो म्हणाला आणि उगाच वायर गुंडाळायला लागला.

निवाडा पंढरीनाथकाकांनी केला. ते आता कमिटीचे अध्यक्ष, कमरेत वाकलेले, पण आवाज जॉबरचाच. "मशीनचं मला कळत नाही, बेटा. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं दाखवा. आधी तू. शंकररावचं हरण सरळ पळालं तर तेच नेऊ, मग जयेशजींचं बघायचं पण नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "पण दुसऱ्यांदा हसं नको गं. त्या फटीला मी परत तोंड लावणार नाही."

आईला मी 'डोळा' व्हायला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती.

"मला नको. माझे डोळे गेले आता."

"चष्मा आहे ना."

"त्या जयेशला उभं कर. नाहीतर तू स्वतः पुढे बस. नव्या मशिनीला कसला आलाय नेम?"

"बाबांचं हरण आहे. बाबांसारखंच करणार."

"त्यांच्यासारखं करून काय भलं झालंय कोणाचं?" ती विळीवरून उठली. मला वाटलं, जुनं दुखणं आहे, हात लागला की ठसठसतं. मी तिच्या खांद्याभोवती हात टाकला तर ती म्हणाली, "हैदराबादचे लोक किती दिवस थांबतील?"

तरी ती आली. इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून, ऑटोत माझ्या शेजारी बसून परदेशीपुऱ्यातल्या कमिटीच्या शेडपर्यंत आली. पत्र्याचं शेड, चारी बाजूंनी ताडपत्र्या सोडून अंधार केलेला. पत्रा तापून आत माणूस उकडून निघत होता. पडदा दोन भागांत होता. टांगणारी माणसं सकाळीच काम करून गेली होती. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, हा डावा, हा उजवा. माझं कन्सोल पडद्याच्या मागे मांडलं होतं.

"पुढे बसा ना ताई, दिसेल तरी काय करताय ते," जयेश म्हणाला.

"पुढे डोळा आहे."

"धन्य आहे तुमची मिल." तो मोटारसायकलची किल्ली फिरवत काकांना आणि कमिटीच्या लोकांना आणायला गेला.

मी बसले. मागून पडद्याची नुसती पाठ दिसते, काळ्या पट्ट्या आणि वायरी. फेडर वर सरकवला तसा पलीकडच्या ताडपत्रीवर सोनेरी उजेड हलला. माझ्या नकळत मी गुणगुणायला लागले.

"चौथी ओळ पोटाची, तिला हळू उजेड गं,
पाचवी ओळ मानेची, तिला मागे वळू दे गं..."

बोटं आपोआप चालत होती. हरण उठलं, थबकलं, मान वळवून पाहिलं, उडी घेतली. म्हणजे तसं ते करत असणार. मला दिसत नव्हतं. शिंगांच्या ओळीपर्यंत मी सगळं म्हटलं आणि थांबले.

"आई, हरण कसं?"

पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. 

"आई?"

"बरोबर आहे," ती म्हणाली.

 मी हसत सुटले, एकटीच, त्या वायरींच्या मध्ये. "काकांना सांगते, जयेशचा सर्व्हर पेटीत घाला म्हणून!" फोन उचलला. बाहेर गल्लीत मोटारसायकलींचा आवाज यायला लागला होता.

"मंजू."

"हं?"

"थांब. नको सांगूस." आवाज कोरडा होता. "बरोबर नाहीये ते. शेपूट पुढे आहे. तोंड मागे."

मला समजायला वेळ लागला नाही. डावा, उजवा. मी मागून म्हटलं होतं, टांगणाऱ्यांनी पुढून धरलं. आयुष्यभर ज्या घरात साखर सापडली नाही त्या घरची मी. कन्सोलमधून पडद्याकडे जाणाऱ्या दोन केबल होत्या. एक उपटली, दुसरी उपटली, अदलाबदल करून खोचल्या. पंधरा वर्षं ज्याला माणसं हसली ते सरळ करायचं काम एवढंच होतं.

"आता?"

मी फेडर पुन्हा वर सरकवला.

"आई, आता बघ ना!"

मी हरण पळतं ठेवलं आणि नेम मोडून पडद्याला वळसा घालून पुढे गेले. आई मधोमध उभी होती, हात पोटाशी धरून. सोन्याचं हरण सरळ पळत होतं, तोंड पुढे, शेपूट मागे, अंतर ठेवून पाहिलं तर अगदी बाबांच्या फळीवरचं. त्याचा उजेड आईच्या चष्म्यावरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होता.

"बघितलंस?" मी तिचा दंड धरला.  "तेव्हाही हेच झालं असणार गं. सुतारांनी फळ्या पुढून धरल्या. बाबांचं काही चुकलंच नव्हतं. डावं-उजवं काही गेलं नव्हतं त्यांचं. आणि ते बिचारे जन्मभर..."

ती हललीसुद्धा नाही. मला वाटलं आपण भलतंच बोललो, कारण तेव्हा पुढे तीच उभी होती. मी घाईघाईने सावरायला गेले. "तुला तरी काय कळणार होतं म्हणा. बल्बचा उजेड डोळ्यांत, तोंडासमोर एवढी मोठी फळी. इतक्या जवळून कोणालाच दिसलं नसतं."

"दिसलं होतं," आई म्हणाली.

बाहेर मोटारसायकली थांबल्या. जयेश कोणालातरी सांगत होता, संभलके, इथे पायरी आहे.

"आत्ता दिसलं ना, तसंच दिसलं होतं. शेपूट पुढे, तोंड मागे. चांगलं नीट बघितलं मी. त्यांनी आतून विचारलं आणि मी बरोबर आहे म्हटलं." ती पडद्याकडेच बघत होती. "श्रीराम चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. घरात पीठ नव्हतं. मला वाटलं, एकदा लोक हसले की हे मिलचं नाव टाकतील, त्याच्याबरोबर जातील. मग गेलेच. पण हात इथेच टाकून गेले. ते होईल असं मला नव्हतं वाटलं, मंजू." तिने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "आज पण मी तेच म्हटलं बघ. तू हैदराबादला जावंस म्हणून. तोंडातून निघून गेलं."

ताडपत्री कोणीतरी वर केली. दुपारचं ऊन आत घुसलं आणि हरण फिकं पडलं. दारात काका उभे होते, डोळे किलकिले करून अंधारात बघत. आईने आवाज खाली आणला नाही.

"किती वर्षं वाट बघितली मी. जेवताना, निजताना, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते तेव्हाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की यमुने, तू तर पुढे होतीस."